सुकाणू कोणाच्या हाती?

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त फिटर राहतात. मुंबईच्या एका कारखान्यात ३५ वर्षे कानस आणि पाना यांच्या संगतीत काढून ते वसईच्या आपल्या वाडीत परतले, तेव्हा त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले होते. वाडीत केळी, फुलझाडे, थोडीफार भाजी. पावसाळ्यात पायवाटांचा चिखल होतो, हातगाडीचे चाक त्यात रुतते आणि शेणखताच्या पाट्या डोक्यावरून वाहणे आता त्यांना जमत नाही. मग त्यांनी घराच्या मागच्या पडवीत, व्हाइस आणि ड्रिल मशीन एवढ्या भांडवलावर, रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी आणि रेडिओलहरींच्या हुकमाने हलणारी एक बुटकी गाडी तयार केली. पुढे तिच्यापायी जे घडले त्याने त्यांची झोप उडाली, आणि काही रात्री आमचीही.

त्यांनी हे आम्हांला पापनिवेदनाच्या वेळी सांगितलेले नाही, तर पडवीत चहा घेताना सांगितले आणि लिहिण्यास संमतीही दिली, एवढे आधीच नमूद करतो. नाव अर्थातच देत नाही.

गाडीची रचना समजून घेतल्यावाचून प्रश्न समजणार नाही. मोटारसायकलच्या दोन चेन समांतर ठेवून त्यांवर आडव्या लाकडी पट्ट्या बोल्टने बसवल्या की एक पट्टा तयार होतो. असे दोन पट्टे, दोन बाजूंना. प्रत्येक पट्ट्याला ओढणारे एक दातेरी चाक आणि त्या चाकाला भंगारातून आणलेली मोटारीच्या वायपरची मोटर. ह्या गाडीला सुकाणू नाही. डावा पट्टा मंद केला तर ती डावीकडे वळते, एक पुढे व दुसरा मागे फिरवला तर जागच्या जागी गरकन फिरते. वळताना पट्टे जमिनीवर आडवे घासतात. म्हणून पट्टा रुंदीच्या मानाने फार लांब असला तर गाडी वळतच नाही, आणि ढिला असला तर वळणावर चाकावरून उतरतो. आमच्या ह्या मित्रांचा पट्टा पहिल्या महिन्यात इतक्या वेळा उतरला की त्यांच्या सौभाग्यवतींनी गाडीचे नावच ‘उतरंड’ ठेवले होते!

एके दिवशी त्यांनी आम्हांला मोठ्या अभिमानाने हिशेब दाखवला. गाडी ३५ किलो, वर ४० किलो खत, एकूण ७५. प्रत्येक पट्ट्याचा जमिनीला टेकलेला भाग ६० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन्ही मिळून १२०० चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ६० ग्रॅम भार. चालणाऱ्या माणसाच्या एका पावलाखाली ह्याच्या सहापट दाब येतो. “फादर, माणूस रुततो तिथे ही रुतणार नाही,” ते म्हणाले. पट्ट्यांचे सारे मर्म ह्यातच आहे. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत, दलदलीच्या शेतांत अवजड ट्रॅक्टर रुतून बसत, म्हणून बेंजामिन होल्ट यांनी १९०४ साली आपल्या वाफेच्या ट्रॅक्टरला चाकांऐवजी पट्टे लावून पाहिले. पुढे सप्टेंबर १९१६ मध्ये फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर रणगाडे प्रथम उतरले, ते अशाच पट्ट्यांवरून. शेतासाठी पुढे आणलेली युक्ती लढाईच्या कामी लागायला बारा वर्षे पुरली.

आता प्रसंग. श्रावणातली सकाळ, नुकतीच सर येऊन गेलेली. आमचे मित्र पडवीतल्या खुर्चीत बसून गाडी चालवत होते. न चालता काम व्हावे यासाठीच तर ती केली होती! गाडी केळीच्या बनाआड गेली. त्यांनी हातातल्या रिमोटची काठी सोडली, गाडी थांबली असे गृहीत धरले आणि चहाचा कप उचलला. गाडी थांबली नव्हती. आजचे रिमोट ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात त्या पाण्यात झपाट्याने शोषल्या जातात, आणि पावसात भिजलेले केळीचे बन म्हणजे पाण्याची भिंतच. हुकूम गाडीपर्यंत पोहोचेनासा झाला होता. असे झाल्यास काय करायचे हे रिसीव्हरला आधी शिकवून ठेवता येते. त्याला ‘फेलसेफ’ म्हणतात. ते ठरवून दिलेले नसेल तर काही रिसीव्हर शेवटचा मिळालेला हुकूमच धरून बसतात. ह्या रिसीव्हरला मिळालेला शेवटचा हुकूम होता, ‘पुढे चल’.

गाडीचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. सुमारे वीस मीटर ती एकटीच गेली, म्हणजे चाळीस सेकंद. वाटेच्या कडेला एक मजूर बाई पाठमोरी उकिडवी बसून तण काढत होती. पट्टा तिच्या पावलावर चढला. भार पसरून हलका होतो तो पट्टा पूर्ण जमिनीला टेकलेला असेल तेव्हा. उंचवट्यावर चढताना निम्मी गाडी एका लाकडी पट्टीवर तोलली जाते. अंगठ्याचे हाड मोडले. शेजारच्या मुलाने धावत येऊन बॅटरीची तार उपटली.

दवाखान्याचा खर्च आमच्या मित्रांनी केला, तीन आठवड्यांची मजुरीही बिनबोभाट दिली. पण आमच्यापुढे बसले तेव्हा त्यांच्या तोंडी एकच वाक्य होते. “फादर, माझा हात त्यात नव्हता. मी काठी सोडली होती.”

वाक्य शब्दशः खरे होते. ते खरे होते हीच आमची अडचण.

सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकवणारे वयोवृद्ध गुरुजी बोटीचे एक उदाहरण नेहमी देत. ते मूळचे ॲरिस्टॉटलचे. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ते आपल्या ‘सुम्मा’त ऐच्छिक कृतीचा विचार करताना वापरले. तांडेल सुकाणू सोडून बसला आणि बोट बुडाली. त्याने काहीच केले नाही; बुडवले ते वाऱ्याने आणि लाटांनी. तरीही बोट बुडण्याचे कारण तांडेलच ठरतो. मात्र अक्वायनस येथे दोन अटी घालतात. सुकाणू धरणे त्याला शक्य असले पाहिजे, आणि ते धरणे त्याचे कर्तव्य असले पाहिजे. ह्यातली एक अट जरी सुटली तरी दोष त्याच्याकडे जात नाही. आपल्या किनाऱ्यावर हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

शक्य होते का? रिसीव्हरच्या खोक्यात एक घडीपत्रक होते. फेलसेफ कसा ठरवायचा ते त्यात लिहिलेले होते. पाच मिनिटांचे काम. आमच्या मित्रांनी ते वाचले होते आणि पाऊस ओसरल्यावर करू म्हणून फळीवर ठेवून दिले होते. कर्तव्य होते का? वाडीत माणसे वावरतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक?

तरीही हा निवाडा आम्हांला एका दमात देता आला नाही. घडणारे सगळे आधी कळलेच पाहिजे असा दंडक घातला तर कोणी शहाणा माणूस हातात कानस धरणार नाही. अतिसंशयी विवेक हाही एक आजार आहे, आणि त्याने पोखरलेली भली माणसे आम्ही धर्मगुरू नित्य पाहतो. ओली केळ लहरी गिळते हे त्यांना ठाऊक नव्हते. ते अज्ञान निर्दोष होते, असे आम्ही त्यांना मोकळेपणाने सांगितले. पण हुकूम कधीतरी तुटेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ते पत्रक त्यासाठीच तर होते. केव्हा तुटेल हे न कळणे वेगळे, आणि तुटू शकतो हे कळूनही ते उद्यावर टाकणे वेगळे. काठी सोडली तो क्षण आमच्या मते गौणच होता. खरी कृती घडली होती तिच्या कितीतरी आधी, पत्रक फळीवर ठेवले तेव्हा.

ही खेळणी नव्हेत, याचीही आठवण ठेवली पाहिजे. १८९८ साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी बिनतारी हुकमावर चालणारी लहानशी बोट हौदात फिरवून दाखवली, तेव्हा पाहणाऱ्यांना ती जादू वाटली. अर्धशतक लोटण्याआधीच जर्मन सैन्याने ‘गोलियाथ’ नावाच्या पट्ट्यांवरच्या गाड्या रणात सोडल्या. मागून तार सोडत जायचे आणि ६० ते १०० किलो स्फोटके घेऊन शत्रूवर फुटायचे. १९४४ च्या उठावात वॉर्सातले लोक त्या तारा तोडण्यासाठी जिवावर उदार होत. आणि १९७२ साली ब्रिटनमध्ये पीटर मिलर या निवृत्त सैन्याधिकाऱ्यांनी बागकामाच्या विजेवरच्या हातगाडीचा सांगाडा घेतला आणि उत्तर आयर्लंडमध्ये मोटारींत पेरलेल्या बॉम्बपाशी माणसाऐवजी जाणारे यंत्र उभे केले. त्याला ‘व्हीलबॅरो’ म्हणतात. पुढे त्यालाही पट्टे आले. आपल्या पुण्यात डीआरडीओने विकसित केलेले ‘दक्ष’ त्याच कामाचे. सांगाडा एकसारखा, अंतरही एकसारखेच. एकाने ते अंतर मारणाऱ्यासाठी राखले, दुसऱ्याने वाचवणाऱ्यासाठी. आमच्या मित्रांनी ते दुखऱ्या गुडघ्यांसाठी राखले होते. त्यात वावगे काहीच नव्हते, पण त्या अंतरात एक बाई बसलेली होती.

“मग आता फक्त ‘थांब’ एवढे शिकवले की सुटलो ना?” त्यांनी विचारले. वायपरच्या मोटरीत सर्पिल दातांचे चाक असते, त्यामुळे वीज तुटली की ही गाडी उतारावरही सहसा घरंगळत नाही. त्यांच्यापुरते ‘थांब’ हे उत्तर बरोबर होते. पण रेल्वेच्या रुळांवर थांबलेल्या गाडीचे काय? आकाशात थांबलेल्या ड्रोनचे? ओढीच्या पाण्यातली बोट तर थांबतच नाही. म्हणून जुन्यांनी उदाहरण बोटीचे घेतले असावे. हुकूम तुटल्यावर कोणती स्थिती निर्धोक, हे जागा आणि माणसे पाहून ज्याचे त्यालाच आधी ठरवावे लागते. बाजारातून आणलेल्या वस्तूबाबत आपण ते बनवणाऱ्यावर सोडू शकतो. ह्या गाडीचा बोल्ट न् बोल्ट ज्यांनी आवळला त्यांना ते सोडायला दुसरे कोणी नव्हते.

हे सारे आम्ही बोललो, पण त्यांना खरे लागले ते दुसरेच. मजुरी द्यायला ते तिच्या झोपडीवर गेले, तेव्हा यंत्राने असे कसे केले, हे त्यांनी तिला पुष्कळ समजावून सांगितले. लहरी, केळी, रिसीव्हर, सगळे. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “पण तुम्ही कुठे होता?”

त्याच संध्याकाळी त्यांनी फेलसेफ ठरवून दिला. गाडी चार विटांवर चढवली, पट्टे अधांतरी केले, पुढे जाण्याचा हुकूम दिला आणि रिमोट बंद केला. अर्ध्या सेकंदात पट्टे थांबले. मग पुन्हा, पुन्हा, वीस वेळा. वर हाताशी येईल असे एक लाल बटणही बसवले.

बाई महिन्याभराने कामावर आली. अलीकडे आम्ही त्या वाडीवरून जातो तेव्हा पडवीतली खुर्ची रिकामी असते. गाडी खताच्या पाट्या घेऊन पायवाटेने पुढे चाललेली असते, आणि तिच्या मागे चार पावलांवर, एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन, लंगडत लंगडत आमचे मित्र. गुडघ्यांचे मात्र जसेच्या तसे राहिले.