कॅमेरा घेतलास, आता जबाबदारी घे

तीन लाखांचं कर्ज काढून कॅमेरा घेतलास. गाडीच्या काचेवर नाव लावलंस, इन्स्टाग्रामवर पान उघडलंस, नावापुढं 'फिल्म्स' जोडलंस. आणि दोन हंगाम गेल्यावर मला विचारतोस, "सर, ऑर्डरी तर येतात, मग पैसा कुठं जातो?" सांगतो कुठं जातो ते. पण आज मी तुला गोंजारणार नाही. तू अजून धंदा सुरूच केलेला नाहीस. फक्त कॅमेरा विकत घेतलायस.

लोक तुझ्या हातात काय देतात, याचा कधी विचार केलास? मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो आणि अक्षता एकदाच पडतात. मामा नवरीला बोहल्यावर आणतो, बाप कन्यादानाला बसतो, पाठवणीला आईचा बांध फुटतो. यातलं काहीही तुझ्यासाठी पुन्हा घडणार नाही. वाळवा तालुक्यातला शेतकरी पोरीच्या लग्नात दोन-दोन वर्षांचं ऊसबिल घालतो. त्या लग्नाची आठवण तुझ्या कॅमेऱ्यातल्या नखाएवढ्या कार्डावर सोपवतो आणि निर्धास्तपणे पाहुण्यांच्या पंगतीकडं वळतो. एवढा विश्वास या गावात माणूस डॉक्टरवर टाकतो, नाहीतर तुझ्यावर.

आणि त्या विश्वासाचा भाव तू काय लावलास? शेजारच्या गावचा फोटोग्राफर २५ हजार म्हणाला, म्हणून तू १८ म्हणालास. बस्स, एवढाच तुझा हिशेब. वही काढ. हळद आणि लग्न, असे दोन दिवस. समज, अल्बमची छपाई ५ हजार, व्हिडिओवाल्याचे ६ हजार, एडिटिंग आणि डिझाइनचे साडेतीन हजार, पेट्रोल आणि किरकोळ मिळून १ हजार. झाले साडेपंधरा हजार. उरले अडीच. आता कॅमेरा, लेन्स, फ्लॅश मिळून ३ लाख. ते पाच वर्षं चालले आणि वर्षाला २५ ऑर्डरी मिळाल्या, तर एका ऑर्डरीवर त्यांची झीज बसते २,४०० रुपये. हाती राहिले १००. दोन दिवसांची उभ्यानं केलेली मेहनत, नंतर पंधरा दिवस फोटो निवडण्यात गेलेल्या रात्री आणि बँकेचं व्याज, या सगळ्याला १०० रुपये. हे आकडे मी समजण्यापुरते धरलेत. तुझे खरे आकडे तू घाल आणि आलेलं उत्तर स्वतः वाच.

झीज ही कल्पना नव्हे. मधल्या दर्जाच्या कॅमेऱ्याचं मेकॅनिकल शटर साधारण दीड ते दोन लाख क्लिकपर्यंत चालेल, असं धरतात. एका लग्नात तू चार-चार हजार क्लिक मारतोस. म्हणजे चाळीस-पन्नास लग्नांत ते शटर आयुष्याच्या कडेला येतं. नव्या शटरचे पैसे त्याच लग्नांतून वेगळे काढायचे असतात. तू ते काढलेस का? नाही काढलेस.

स्वस्त दर लावून गिऱ्हाइकावर उपकार करतोय, असं तुला वाटतं. चूक. कमी पैशात काम घेतलं की तू दुसरी बॉडी नेत नाहीस. दुसरा माणूस नेत नाहीस. दोन स्लॉटच्या कॅमेऱ्यात एकच कार्ड घालून मंडपात उभा राहतोस. तुझ्या दरातली प्रत्येक बचत त्या बापाच्या नकळत त्याच्या जोखमीत जमा होते. उद्या मंगलाष्टकाच्या वेळी कार्ड बिघडलं, तर त्याला ते ७ हजार कमी घेतल्याचं कौतुक वाटेल का? योग्य दर मागणं हा लोभ नाही. अंगावर घेतलेली जबाबदारी पेलता यावी, म्हणून तो मागायचा असतो. आणि पेलवत नसेल, तर मुख्य फोटोग्राफर म्हणून काम घेऊ नकोस. एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली एक हंगाम दुसऱ्या कॅमेऱ्यावर उभा राहा. त्यात कमीपणा नाही.

आता उधारीचं बघू. "ऊसबिल आलं की देतो," असं पाहुणा म्हणतो आणि तू मान डोलावतोस. अरे, ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा दर, द्यावी, असा नियम आहे, तरी शेतकऱ्याच्या हातात रक्कम अनेकदा हप्त्याहप्त्यानं पडते, हे या भागात जन्मून तुला मी सांगायचं? तो माणूस खोटं बोलत नाही, पण त्याच्या खिशात येण्याआधी त्या पैशाला सोसायटी आहे, मंडपवाला आहे, आचारी आहे. तुझा नंबर शेवटचा. म्हणून तारीख धरताना विसार घे, लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत मोठा हिस्सा घे आणि शिल्लक अल्बम हातात देताना घे. हे सारं बोलणी करतानाच, घरातल्या कर्त्या माणसासमोर, स्पष्ट सांग. नंतर फोन करून कुरकुरणारा फोटोग्राफर कुणालाच आवडत नाही. आधी स्पष्ट बोलणाऱ्याचा मात्र कुणी राग धरत नाही.

आणि बोललेलं लिहून घे. "ओळखीतले आहेत सर, कागद कसा करायचा?" ओळखीतले आहेत, म्हणूनच करायचा. किती दिवस, किती तास, किती माणसं, अल्बमची पानं किती, किती दिवसांत देणार, तारीख बदलली तर विसाराचं काय, तू आजारी पडलास तर बदली कोण. एक पान पुरतं. दोघांच्या सह्या हव्यात. मराठीत लिही, म्हणजे मुलीच्या आजोबांनाही वाचता येईल.

त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी आणि ती तुला माहीतच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाच. कुणी पैसे देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार झालेला नसला, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो, तू नव्हेस. आणि तू काय करतोस? घरच्यांनी अजून अल्बम पाहिलेला नसतो, त्याआधी नवरीचे हळदीचे फोटो इन्स्टाग्रामवर चढवतोस. स्वतःच्या जाहिरातीसाठी. दुसऱ्याच्या लेकीचा चेहरा वापरायला तुला परवानगी कुणी दिली? कायदा राहू दे बाजूला, घरातल्या बाईमाणसांनी विश्वासानं तुला आतल्या खोलीत येऊ दिलं होतं. यापुढं लेखी संमती घेतल्याशिवाय एकही फोटो बाहेर गेला, तर माझ्याकडं यायचं नाही.

फाइली कुठं ठेवतोस? एका हार्ड डिस्कवर, ती दुकानात, दुकान तळमजल्यावर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या जागी, हा सरळ नियम पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं रूढ केला. त्याला कृष्णेचा पूर माहीत नव्हता, तुला माहीत आहे. २००५, २०१९, २०२१. बहे, बोरगाव, वाळव्याच्या लोकांना विचार, पाणी घरात शिरायला किती वेळ लागतो. पुरात गेलेली भांडी पुन्हा घेता येतात. लग्नाच्या फाइली येत नाहीत. लग्नाहून आल्यावर झोपायच्या आधी दोन प्रती कर. तिसरी उंचावरच्या नातेवाइकाच्या घरी ठेव, नाहीतर क्लाउडवर. अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

आता तुझं लाडकं गाऱ्हाणं, "सर, फुल फ्रेम बॉडी असती तर..." नको ते. शंभर वर्षांपूर्वी इथून तासाभराच्या वाटेवर, कोल्हापुरात, आनंदराव आणि बाबूराव पेंटर स्वतः कॅमेरा घडवायच्या मागं लागले. आनंदराव अर्ध्यातच गेले, बाबूरावांनी तो पुरा केला आणि त्याच जिद्दीतून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. तुझ्याकडं त्यांच्यापेक्षा शंभरपट चांगलं यंत्र आहे. कमी आहे ती नजर. तुझ्या मागच्या अल्बममध्ये धुराचे, फुग्यांचे चाळीस फोटो आहेत आणि नवऱ्याच्या आजीचा एकही नाही. ती म्हातारी मंडपात पुढच्या खुर्चीवर दिवसभर बसून होती. उद्या ती गेली, तर घरच्यांना भिंतीवर लावायला फोटो तुझ्याकडूनच मिळायला हवा होता. मंडपात शिरलास की आधी घरातली वडीलधारी माणसं कोण ते विचार, नावं लिहून घे आणि त्यांचे फोटो पहिल्या तासात काढ. महागडी लेन्स क्वचित लागते, तेव्हा भाड्यानं आण. सरावासाठी शिराळ्याच्या नागपंचमीला जा, बह्याच्या रामलिंगाला पहाटे जा, उसाच्या फडात तोडकऱ्यांना विचारून त्यांच्यात बस. उजेड तिथं शिकायला मिळतो.

आणि नुसती कला पुरते, असंही समजू नकोस. दादासाहेब फाळक्यांएवढी कला तर कुणाच्या अंगात होती? १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढणाऱ्या या माणसानं त्याआधी छायाचित्रांचा धंदा करून पाहिला होता. गोध्र्यात प्लेगनं त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेलं. पुढं बडोद्यात त्यांनी पुन्हा स्टुडिओ मांडला, तर कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, अशी अफवा उठली. गिऱ्हाईक फिरकेना, आणि फाळके नाटकाचे पडदे रंगवू लागले. गावाचा विश्वास नसेल, तर फाळक्यांचाही धंदा बसतो. आता ईश्वरपूर झालेल्या इस्लामपुरात आज कॅमेऱ्याला कुणी घाबरत नाही. लोक घाबरतात ते फोटोग्राफरच्या "पुढच्या आठवड्यात देतो" या शब्दाला. लग्न झालं, बारसं आलं, तरी अल्बम नाही. ही बदनामी तुझ्यासारख्यांनी कमावलेली आहे आणि ती पुसायचीही तुम्हीच. ४५ दिवस सांगितलेस, तर ४० व्या दिवशी अल्बम दे.

हंगामाचा विचारही तू करत नाहीस. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, आषाढात चातुर्मास लागला की थांबतात. हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही. अधिक महिन्यातही मुहूर्त नसतात. २०२३ चा अधिक श्रावण चातुर्मासातच गेला, म्हणून कुणाला टोचला नाही. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन हंगामातून पुरा महिना कापतो. पंचांग बघून वर्षाचा हिशेब मांडायचा असतो. हंगामात चार महिन्यांचे हप्ते बाजूला टाक. रिकाम्या महिन्यांत साखराळ्याच्या कारखान्यात, राजारामनगरच्या कॉलेजात, दूध संघात, शाळांत, पेठ नाक्यावरच्या हॉटेलांत जा. त्यांना कार्यक्रमांचे, मालाचे, खाद्यपदार्थांचे फोटो लागतात. पाच नमुने घेऊन जा, दर लिहून दे. पासपोर्ट फोटो काढायला लाजू नकोस. लहान काम नीट करणाऱ्याकडंच मोठं काम येतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचं, तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ते नसेल, तर ज्याच्याकडं आहे त्याला बोलाव. मंडपात पोरंबाळं असतात, त्यांच्या डोक्यावर तुझा सराव नको. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नकोस. उलाढाल वर्षाला २० लाखांपुढं गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची होते, आणि मग बिलावर १८ टक्के येतात, हे ध्यानात ठेवून दर ठरव. धंद्याचं बँक खातं वेगळं काढ. विसाराच्या पैशातून घरचा किराणा भरणं आजपासून बंद.

मी एवढं कठोर बोललो, कारण तुझ्या हातात गुण आहे आणि तो फुकट जाताना मला बघवत नाही. या तालुक्यातली पोरं पुण्या-मुंबईला जाऊन पगाराची वाट बघतात. तू इथं राहून स्वतःच्या पायावर उभा राहू शकतोस, आणखी दोघा-चौघांना काम देऊ शकतोस. पण हिशेब टाळून, कागद टाळून, शब्द टाळून ते होणार नाही.

तेव्हा सोमवारी ये. एका ऑर्डरीचा खरा खर्च मांडलेली वही, एका पानाच्या कराराचा मसुदा आणि रखडलेल्या सगळ्या अल्बमची तारखांसकट यादी, हे तिन्ही हवं. आणि येण्याआधी त्या यादीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन माफी माग, अल्बम कधी देणार ते सांग. फोनवर नाही, दारात उभा राहून. नवी ऑर्डर घ्यायची ती त्यानंतरच.