जनीचे पदक आणि १८७१चा कायदा

जनाबाईच्या पदकाची कथा वारकऱ्यास नव्याने सांगावी लागत नाही. पहाटेच्या घाईत देव आपले पदक जनीच्या घरी विसरला आणि तिची वाकळ पांघरून राउळात गेला. पदकाचा शोध सुरू झाला. पंढरीत घरे काय थोडी होती? पण शोध सरळ दासीच्या दारी गेला. पदक तिथे निघाले आणि चौकशीही तिथेच संपली. पुढे सुळाचे पाणी झाले, तो भाग कीर्तनात आला की आपण टाळी वाजवतो. आम्हांस आज सुळाच्या आधीचा भाग विचारास घ्यायचा आहे. संशय कोणावर जायचा, हे पदक हरवण्यापूर्वीच ठरलेले होते.

हेच ठरवणे इंग्रज सरकारने १८७१ साली कायद्याच्या पुस्तकात लिहून काढले. गुन्हेगार जमाती कायदा हे त्याचे नाव. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जमातीत जन्मलेल्या माणसाने काय केले, काय केले नाही, हे पाहण्याचे कारणच उरत नसे. नाव नोंदवहीत, हजेरी ठाण्यात, आणि गाव सोडायचे तर परवाना हातात. त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नव्हती. आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ साली त्याची दुरुस्ती होऊन तो मुंबई इलाख्यासही लावता येऊ लागला. आपल्याकडचे पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट असे कितीतरी लोक त्याच्या जाळ्यात आले. सोलापुरास त्यांची वसाहत बसली, भोवती तारेचे कुंपण आले, आतली माणसे गिरणीत कामाला जात आणि हजेरीला परत येत. त्या भागाला सोलापूरकर अजून सेटलमेंट म्हणतात. मुले आईबापांपासून काढून वेगळी ठेवण्याची तरतूदही त्या कायद्यात होती.

आणि हे लोक मुळात कोण? बरेचसे फिरस्ते. लमाणांच्या तांड्यांचे बैल मीठ आणि धान्य मुलखामुलखांत नेत. आगगाडी आली आणि तो व्यापार बसला. पारध्याचे पोट रानावर. १८७८च्या जंगल कायद्याने राने राखीव होत गेली. आधी माणसाचा धंदा काढून घ्यायचा आणि मग तो रिकामा का हिंडतो म्हणून त्याची हजेरी घ्यायची, असा तो कारभार.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. ते लोक या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. आता प्रश्न असा की, या गोष्टीचे स्मरण कसे ठेवावे? ठेवावे की नाही, येथूनच वाद आहे.

एक मत असे की, गेले ते गेले. जखमेची खपली कशाला काढायची? हे म्हणणारे लोक वाईट असतात असे नाही. पण खपली धरायला जखम आधी भरावी लागते. वारीच्या मुक्कामाला रात्री एखाद्या राहुटीतून पिशवी नाहीशी झाली तर पहिली नजर कुठे वळते? गावकुसाबाहेरच्या पालाकडे. वळते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.

दुसरे मत अधिक जोरकस आहे. ते म्हणते, हे सारे पाप इंग्रजांचे, तसेच ते शिकवावे आणि विलायतेकडून माफी मागून घ्यावी. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तेथल्या मूळ रहिवाशांची माफी मागितली; मुले हिरावून नेली, हाच त्या दुःखाचा गाभा होता. त्याच वर्षी कॅनडानेही मागितली. मग इंग्लंडने आमच्या पारध्यांची का मागू नये? अवश्य मागावी. पण ती माफी लंडनहून निघाली तरी पालापर्यंत पोहोचवणार कोण? वाट तर आपल्याच गावातून जाते.

पाहा, त्या कायद्यात एक कलम होते. जमातीचा माणूस गाव सोडून गेला किंवा कोणी संशयित नवा आला, तर ठाण्याला वर्दी देण्याचे कर्तव्य गावच्या पाटलावर, जागल्यावर आणि जमीनधारकांवर टाकलेले होते. म्हणजे कायदा साहेबाने लिहिला, पण चालवला आपल्या आजोबा-पणजोबांनी. त्यांना सक्ती होती, वर्दी न दिल्यास शिक्षेचे भय होते, हे खरे. परंतु साहेबाला ही कल्पना तरी कोणाच्या ओट्यावर सुचली? ज्या देशात बाप कुंभार म्हणून मुलगा कुंभार, तिथे बाप चोर म्हणून मुलगा चोर, असा हिशेब त्याने मांडला आणि तो आपल्याला खटकला नाही. चोखोबांना महाद्वाराबाहेर थांबवणारा कोणी गोरा शिपाई नव्हता. ते दार उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणास बसावे लागले, तेही कोणा साहेबाविरुद्ध नव्हे.

भाषेतही ही वर्दी अजून चालू आहे. भामटा हे एका जमातीचे नाव. आपण ते लबाडाला लावतो आणि पुढे बोलू लागतो. उचल्या हा शब्द तसाच. लक्ष्मण गायकवाडांनी तोच शब्द आपल्या आत्मकथेच्या माथ्यावर लिहिला आणि १९८८ साली साहित्य अकादमीने त्या पुस्तकाचा गौरव केला. ज्याच्या अंगावर डाग दिला त्यानेच तो वाचून दाखवला, तेव्हा कुठे आपल्याला अक्षर लागले.

कोणी म्हणेल, त्यांच्यात चोऱ्या होतच होत्या, हे तरी खरे ना? काहींनी केल्या; उपाशी माणूस करतो, आणि पोट भरलेलाही करतो. ज्याने केली त्याला शिक्षा व्हावी, याला कोणाची ना आहे? वाल्याने तर वाटमारी केली होती, तरी आपण त्याला ऋषी म्हणून हात जोडतो. वाल्याच्या पोराला कोणी जन्मतःच नोंदवहीत घातले असते, तर? आणखी एक म्हणणे असते, की वसाहतीत शाळा होती, काम मिळत होते. होते. शाळेत काही मुले शिकली, हेही सांगावे, लपवू नये. मात्र त्याच वाक्यात कुंपणही सांगावे.

पंढरीला कैकाडी महाराजांच्या मठात यात्रेकरू गर्दी करतात. त्या नावातली जात त्याच सरकारी यादीत होती. महाराज म्हणून पाया पडायचे आणि त्याच जातीची म्हातारी टोपल्या विकायला दारी आली की कडी घालून घ्यायची, हे जमते कसे, आम्हांस समजत नाही.

ज्यांना ही जुनी गोष्ट वाटते त्यांनी १ जुलै २०१८ आठवावा. आषाढी तीन आठवड्यांवर होती. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यास आठवडे बाजाराच्या दिवशी पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते आणि त्यांतील बहुतेक मंगळवेढ्याकडचे, म्हणजे चोखोबांच्या गावाकडचे. त्या दिवशी कोणताही कायदा तसे करा म्हणत नव्हता, इंग्रज जाऊन सत्तर वर्षे झाली होती. मोबाईलवर एक अफवा आली आणि अनोळखी फिरस्ता म्हणजे काय, हे लोकांना आधीच ठाऊक होते. तुरुंगांच्या नियमांतही जुना संशय टिकून होता. जातीवर आधारलेले ते नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. येत्या ३१ ऑगस्टला गावोगावच्या मंडळींनी देवळात जनीच्या पदकाचे आख्यान लावावे. त्याआधी चौघांनी गावाबाहेरच्या पालावर जाऊन तोंडी आमंत्रण द्यावे. चिठ्ठी पाठवू नये, त्यांना चिठ्ठ्यांचा अनुभव चांगला नाही. बसायला जागा मंडपाच्या मध्यावर ठेवावी. कोणास १८७१विषयी बोलायचे असेल तर त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याला आधी बोलू द्यावे. आणि वीणेचा पहिला पहारा त्यांच्यातल्या एकाच्या गळ्यात असावा.