होडीला जामीन कोण?

माणसाजवळ शिडाची होडी नसावी, हे उत्तम. माझ्याजवळ नाही. त्यामुळे पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढावी की पाण्यातच नांगरून ठेवावी, या प्रश्नावर मी अगदी निःपक्षपाती मत देऊ शकतो. दुसऱ्याच्या ठेवीची काळजी वाहण्याची बँकेतल्या कारकुनाला सवय असतेच.

होडी आहे सौ.च्या थोरल्या बंधूंची. ते अलिबागेस असतात. आठ महिने झकास जातात. मे सरत आला की त्यांची झोप उडते. कोळीवाड्यात हा प्रश्नच नाही. १ जूनपासून निदान दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारीची सरकारी बंदीच असते. होड्या वाळूवर येतात, झापांनी शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. हौशी माणसाला मात्र स्वतः विचार करावा लागतो, आणि तिथेच सगळा घोटाळा होतो.

"किनाऱ्यावरची होडी म्हणजे मुदत ठेव आणि पाण्यातली म्हणजे चालू खातं," असं मी त्यांना समजावलं. पण या ठेवीला व्याज नाही. जमिनीवर लाकूड सुकलं की आकसतं, फळ्यांच्या फटी उघडतात. पावसाचं पाणी आत साचलं तर तेच लाकूड कुजतं. पाण्यात ठेवावी तर सांधे फुगून घट्ट राहतात खरे, पण बुडाला शिंपले चिकटतात आणि एक समुद्री किडा फळ्या आतून पोखरतो. वरून सारं ठाकठीक दिसतं. हा किडा आमच्या हिशेबतपासनिसांना ओळखीचा वाटेल.

थंडीच्या देशांत हीच पंचाईत हिवाळ्यात येते. बाल्टिक समुद्राचा उत्तर भाग गोठतो, तेव्हा होडी बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नसतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्र सहसा गोठत नाही, म्हणून तिथे वादाला भरपूर जागा. जमिनीवरच्या होडीच्या इंजिनात पाणी राहिलं तर ते गोठून इंजिन तडकू शकतं. तरंगत्या होडीला भोवतालचं पाणीच थोडीफार ऊब देतं. उलट वादळात खालचे टेकू सरकले, तर जमिनीवरची होडीही आडवी होते. म्हणजे बुडायला पाणीच लागतं असं नाही.

दोन्हीकडे तोटा पाहून बंधुराज म्हणाले, "राहू दे पाण्यातच. ओढायचा खर्च तरी वाचेल. होडी माझी, जोखीम माझी!"

वाक्य मोठं बाणेदार होतं. मी मान डोलावणार, एवढ्यात शेजारी जाळं विणत बसलेला म्हातारा तांडेल मान वर न करता म्हणाला, "व्हय साहेब, होडी तुमची. पन रातच्याला दोर तुटला तर पोहत जायाचं कुनी?"

बंधुराजांना पोहता येत नाही.

मी कर्जखात्यात बरीच वर्षं काढली आहेत. जामिनाच्या सहीशिवाय आम्ही कर्जाची फाइल पुढे सरकवत नाही. इथे तर जामीनदार ठरलेला होता, फक्त त्याला कोणी विचारलं नव्हतं. उधाणात दोर घासून तुटला असता, होडी शेजारच्यांच्या होड्यांवर आदळली असती आणि कुणा खलाशाच्या पोराला काळोखात उडी घ्यावी लागली असती. त्याने घेतलीही असती, कारण समुद्रावर 'कुणाची होडी' हे विचारायची पद्धत नाही. म्हणून विचारायचं ते आधी, मे महिन्यात. लाकूड कुठे जास्त टिकेल हा सुताराचा प्रश्न. आपली बचत कुणाच्या जिवावर होते आहे हा आपला. 'माझी जोखीम' म्हणताना आपण हप्ते कोण भरणार हे सोयीस्करपणे कोरं सोडतो.

होडी ओढायला चौदा माणसं लागली. मजुरीवर चहा आणि कांदाभजी झाली. बंधुराजांनी खर्चाची वही तपासायला माझ्याकडे दिली, तेव्हा भज्यांचे पैसे 'विमा' या सदराखाली लिहिलेले दिसले. मी निमूटपणे बरोबरची खूण केली.