उशिरा चालणारे लेकरू

लासूर स्टेशनच्या बाजूस बाजरीच्या ओळींत तुरीची ओळ घालण्याची वहिवाट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. दोहोंची पेरणी एकाच पावसावर होते. परंतु बाजरी दसरा-दिवाळीच्या सुमारास खळ्यावर येते, आणि तूर पौष-माघापर्यंत शेतात उभी असते. म्हणून तूर आळशी आहे असे कोणी शेतकरी म्हणत नाही. मग उपासनेस आलेल्या एखाद्या मातेस, "आमचा वर्षाचा असता धावत होता, तुझा अजून का चालत नाही?" असे विचारून आपण खाली मान घालावयास का लावितो?

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच देशांतील निरोगी बालकांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दिल्लीचीही मुले होती. आधारावाचून चालू लागण्याचा काळ सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला दिसला. काही मुले तर न रांगताच चालली. आईबापांकडून आलेली घडण, आहार, आजार, घरात मुलाशी होणारे बोलणे, ह्या सर्वांचा त्यात वाटा असतो. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या मुलाचे वय तर, ते ज्या तारखेस जन्मावयाचे होते, तेथून मोजावे लागते.

कोणी म्हणेल, हे आईबापांच्या पापाचे फळ नव्हे काय? हाच प्रश्न शिष्यांनी जन्मांध मनुष्याविषयी प्रभूला विचारिला होता. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडून पाहावा. प्रभूने दोष ना त्या मनुष्याला दिला, ना त्याच्या आईबापांना. जो दोष प्रभूने दिला नाही तो देण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

परंतु प्रभू उत्तर देऊन थांबला नाही. त्याने चिखल करून त्या मनुष्याच्या डोळ्यांस लाविला. "देवाच्या वेळी बोलेल" असे म्हणून स्वस्थ बसणे ही नेहमीच श्रद्धा नसते. केव्हा केव्हा ती हयगय असते. तुरीची वाट पाहणारा शेतकरीही ती वाळू लागली तर मूळ उपटून पाहतो. वर्षाचे मूल हाकेस मान वळवीत नसेल, दीड वर्षाचे चालत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर त्यास डॉक्टरांस दाखवावे. केवळ ऐकू येत नाही म्हणून मठ्ठ ठरलेली लेकरे असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघर येथे झाला. त्याची पथके वर्षातून दोन वेळा अंगणवाडीत मुले तपासावयास येतात. उपदेशक बंधूंनी तो दिवस उपासनेत जाहीर करावा.

आणि सर्व उपाय करूनही काही लेकरे मागेच राहतील. प्रभूने बालकांस कवेत घेतले तेव्हा कोण चालते व कोण बोलते हे विचारिल्याचे शुभवर्तमानात कोठेही नाही. लोकांच्या बोलण्याने जी माता घरी बसली असेल, तिच्या दारी ह्या आठवड्यात कोणी तरी जावे, अशी आमची विनंती आहे.