मंगळावरचं विरजण

मंगळावरच्या जेझेरो विवरात सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी तळं होतं. त्याला येऊन मिळणाऱ्या नदीच्या कोरड्या पात्रात नासाच्या पर्सिव्हिअरन्स बग्गीला जुलै २०२४मध्ये एक तांबूस खडक सापडला. बारीक चिखलाचा, आणि अंगावर बिबट्यासारखे ठिपके: कडा गडद, मध्य फिकट. सप्टेंबर २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ठिपक्यांत व्हिव्हियनाइट हे लोहाचं फॉस्फेट आणि ग्रेगाइट हे लोहाचं सल्फाइड असावं, शिवाय खडकात सेंद्रिय कार्बन आहे. पृथ्वीवर तळ्याच्या चिखलात ही खनिजं अनेकदा सूक्ष्मजीवांमुळे तयार होतात. ऑक्सिजन नसला की ते लोह आणि सल्फेट यांच्यावर श्वसन भागवतात आणि मागे हा गाळ ठेवून जातात.

‘अनेकदा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. भांड्यातलं दूध घट्ट दिसलं म्हणून कुणी विरजण लावलं असेलच असं नाही. लिंबू पिळलं तरी ते फाटतं. जीवाच्या मदतीशिवाय सल्फेटचं सल्फाइड व्हायला बराच ताप लागतो आणि हा खडक तितका तापल्याची खूण दिसत नाही. पण ताप न लागणारी एखादी वाट नसेलच, हे कोण सांगणार? म्हणून संशोधकांनी ‘संभाव्य जीवखूण’ एवढंच म्हटलं.

हा सावधपणा अनुभवातून आलेला आहे. अंटार्क्टिकात १९८४ साली सापडलेल्या एएलएच ८४००१ या मंगळाच्या अशनीत जीवाश्म असल्याचा दावा डेव्हिड मॅके आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन कॅमेऱ्यांसमोर येऊन बोलले होते. पुढे त्यातल्या एकेका पुराव्याचा जीवाशिवायही उलगडा होत गेला.

मला मात्र त्या अशनीतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मंगळावरून उडून इथं पोहोचेपर्यंत त्याचा आतला भाग चाळीस अंशांच्या वर तापलेला नव्हता, असं २०००च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे दगडात बसून एखादा जीवाणू हा प्रवास जिवंत करू शकला असता. सूर्यमालेच्या बाल्यात असे दगड आजच्यापेक्षा कितीतरी जास्त उडत होते. मग मंगळावर जीव सापडला तरी खरा प्रश्न उरतोच: विरजण तिथलंच, की शेजारून आलेलं? आणि शेजारून आलं असेल, तर कुणाकडून कुणाकडे? कदाचित आपणच मंगळाचे वंशज असू. (जयंत नारळीकरांना ही कल्पना वावगी वाटली नसती. अवकाशातून सूक्ष्मजीव येतात का, हे पाहण्यासाठी त्यांच्या पुढाकाराने २००१ साली हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा गोळा केली होती.)

दोन्हीकडचा जीव एकाच मुळाचा निघाला, तर उरलेल्या विश्वाबद्दल आपल्याला फारसं काही कळणार नाही. जीव जन्मण्याचा अपघात एकदाच घडला आणि तो जीव पसरला, एवढंच. पण एकाच सूर्याभोवती तो अपघात दोनदा स्वतंत्रपणे घडला असेल, तर जीव ही विश्वातली किरकोळ घटना नव्हे, जिथं पाणी आणि वेळ मिळेल तिथं होणारी गोष्ट आहे, असं मानणं भाग पडेल. ‘मंगळावर जीव होता का?’ यापेक्षा ‘तो वेगळा होता का?’ हा प्रश्न मोठा आहे. बातम्या नेमक्या पहिल्यावर थांबतात.

दुसऱ्याचं उत्तर बग्गीच्या उपकरणांना झेपणारं नाही. इतक्या वर्षांत डीएनए टिकत नाही. हाती लागलंच तर समस्थानिकांचं प्रमाण आणि रेणूंची ठेवण लागेल, आणि ते मोजायला पृथ्वीवरच्या प्रयोगशाळाच हव्यात. बग्गीने या खडकाचा बोटाएवढा तुकडा कापून नळीत बंद केला आहे. तो आणायचा खर्च आठ ते अकरा अब्ज डॉलर होईल, असं २०२३मध्ये स्वतंत्र समितीने सांगितलं आणि ती मोहीम तिथंच अडखळली. माझ्या मते हा पैसा खर्च करायलाच हवा. चीनचं त्यानवन-३ हे यान २०२८च्या सुमारास मंगळावरची माती आणायला निघणार आहे, पण ते जेझेरोला जाणार नाही.