काढणं आणि वाचवणं

कोरमंगलात मी राहते त्या गल्लीपासून दहा मिनिटं चालण्याच्या अंतरात दातांचे किती दवाखाने आहेत, ते मी एकदा फिरायला गेले असताना मोजले. अकरा भरले. किराणा मालाची दुकानं चार. दवाखान्यांच्या पाट्यांवर हसरे चेहरे, काचेमागे गारवा, आणि आत शिरल्याबरोबर चपलांवर चढवायच्या निळ्या पिशव्या. याच रस्त्याने ईजीपुऱ्याकडे निघालं की २०१७ साली काम सुरू होऊन वर्षानुवर्षं रखडलेल्या उड्डाणपुलाचे खांब दिसतात, आणि तो रस्ता ओलांडला की कोरमंगलाचं मनुष्यबळ राहतं: स्वयंपाक करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, गाड्या धुणारे, रखवालदार. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशीही तिथेच राहतात. त्या मूळच्या चडचणजवळच्या, म्हणजे विजापूर जिल्ह्यातल्या, पण सोलापूरला जास्त जवळच्या. त्यामुळे आमचं बोलणं मराठीत चालतं. मधेच त्या कानडीत शिरतात, आणि मला हाक मात्र ‘अक्का’ अशीच मारतात.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्या गालाला ओढणी बांधून आल्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. लवंग धरून झाली होती, मिश्री लावून झाली होती. माझ्याकडची गोळी घेऊन त्यांनी पोळ्या लाटल्या, पुढची दोन घरं केली आणि दुपारी एका सरकारी दवाखान्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “डॉक्टरीण म्हणली, काढून टाकू. फुकटात हुईल, आत्ताच हुईल. म्या म्हणलं, थांबा बाई, ह्यो दिसनारा दात हाय.”

सुळ्याच्या मागचा, वरचा दात. याआधी त्यांच्या दोन दाढा अशाच काढल्या गेल्या होत्या, त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. दाढ गेली तरी कुणाला कळत नाही. हा दात मात्र हसलं की दिसतो.

मी त्यांना आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि दात वाचू शकतो असं सांगितलं. रूट कॅनॉलचे सहा हजार, वर कॅपचे आठ. चौदा हजार रुपये. मावशी चार घरचा स्वयंपाक करून महिन्याला साधारण तेवढेच मिळवतात.

त्याच वर्षी मी माझ्या गेलेल्या एका दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून घेतलं होतं. जबड्याच्या हाडात स्क्रू, वर दात. खर्च या चौदा हजारांच्या जवळजवळ तिप्पट. ती दाढ कुणालाही दिसत नाही. दुसऱ्या बाजूने चावता येत होतं, काही अडलं नव्हतं. मला आठवतं, तेव्हा मी ‘गरज आहे का’ असा प्रश्न विचारला नव्हता. ‘कधी करायचं’ एवढाच विचारला होता. मावशींच्या बाबतीत मात्र माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो गरजेचाच. एक दात. त्यासाठी महिन्याचा पगार? वाईट वाटलं तरी हा विचार माझ्याच डोक्यात आला, हे लिहून ठेवायला हवं.

दात दुखत असेल तर दुखणं थांबवणं ही गरज, आणि दात राखणं ही हौस, अशी एक विभागणी आपल्या व्यवस्थेत न बोलता रुजलेली आहे. सरकारी दवाखान्यात दात काढून मिळतो. पण वाचवून मिळतोच असं नाही, आणि मिळाला तरी वेळ लागतो. खाजगीत दोन्ही मिळतं. आयुष्मान भारतसारखी योजना, जी २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते, ती मुख्यतः रुग्णालयात दाखल व्हावं लागेल अशा उपचारांसाठी आहे. खुर्चीत बसून व्हायची दातांची नेहमीची कामं तिच्या बाहेर राहतात. पू जबड्यात उतरून दाखल व्हायची वेळ आली तर कार्ड उपयोगी पडू शकतं, त्याआधी नाही. माझा खाजगी आरोग्यविमाही याबाबतीत काही वेगळा नाही. अपघात सोडला तर दातांचं नावच काढत नाही. फरक एवढाच, की विम्याने नाकारल्यावर मी खिशात हात घालते.

दात शरीराच्या बाहेर कसे गेले, याला इतिहास आहे. युरोपात दात उपटणं हे न्हाव्यांचं काम होतं. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं पहिलं महाविद्यालय निघालं ते वैद्यकीय महाविद्यालयापासून वेगळं, आणि वेगळेपणाची ती वहिवाट जगभर पसरली. आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात पहिलं दंत महाविद्यालय काढलं. १९४८ साली दंतवैद्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. वेगळा अभ्यासक्रम, वेगळी परिषद, वेगळी पाटी. डोळ्याचा किंवा कानाचा डॉक्टर आधी डॉक्टर असतो, मग डोळ्याचा किंवा कानाचा. दातांचा डॉक्टर पहिल्यापासूनच दातांचा. शिक्षणाच्या सोयीसाठी आखलेली ही रेघ विम्याच्या आणि सरकारी खर्चाच्या कागदांवरही उमटत गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे साडेतीन अब्ज माणसांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे. इतका सार्वत्रिक आजार, आणि तो बहुतेक ठिकाणी ज्याचा त्याचा खाजगी मामला.

या प्रश्नावर एक मंत्री सरकारातून बाहेर पडला होता. १९४८ च्या जुलैत ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा दात आणि चष्मेही मोफत होते. कवळ्यांसाठी एवढी गर्दी उसळली, की खर्चाचे सगळे अंदाज कोसळले. लोक काही अचानक बोळके झाले नव्हते. वर्षानुवर्षं ते बोळक्या तोंडाने जगत होते, एवढंच तेव्हा उघड झालं. १९५१ साली कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रांवर खर्च वाढला, आणि अर्थमंत्री गेट्स्केल यांनी कवळ्या व चष्म्यांच्या निम्म्या खर्चाइतकं शुल्क बसवलं. ही सेवा ज्यांनी उभी केली त्या अन्युरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. वाचवायची रक्कम अर्थसंकल्पाच्या मानाने किरकोळ होती, म्हणून त्यांना हटवादी म्हणणारेही होते. मला ते हटवादी वाटत नाहीत. पैसे कमी पडले की पहिल्यांदा तोंडाकडे आणि डोळ्यांकडे हात जातो, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. हृदयावर शुल्क लावताना सरकारला दोनदा विचार करावा लागतो. दात नसला म्हणून कुणी मरत नाही.

हेही खरं नाहीच म्हणा. २००७ साली, अमेरिकेच्या राजधानीच्या शेजारी, मेरीलँड राज्यात, किडलेल्या दातातला संसर्ग मेंदूपर्यंत जाऊन बारा वर्षांचा एक मुलगा गेला. वेळेवर दात काढायला ऐंशी डॉलरच्या आसपास खर्च आला असता, हे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. पण मला मरणाचा आधार घ्यायचा नाही. मरणाचा हिशोब मांडला की मावशींचा प्रश्न मागे पडतो. त्या मरणार नव्हत्या. त्यांना हसताना पदर तोंडाशी न्यायचा नव्हता, एवढंच.

ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात गरजेची व्याख्या करताना तागाच्या सदऱ्याचं उदाहरण दिलं आहे. ग्रीक आणि रोमन लोक त्याच्याशिवाय सुखाने जगले. पण त्याच्या काळातल्या युरोपात साध्या मजुरालाही सदऱ्याशिवाय चार लोकांत जायला लाज वाटली असती, म्हणून त्याच्यासाठी सदरा ही गरजच. बाजाराचा पुरस्कर्ता म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं त्याने हे म्हणावं याची मला गंमत वाटते. या मापाने पाहिलं तर कोरमंगलातला दिसणारा दात हा सदराच आहे. पुढचा दात नसलेली बाई नव्या घरी काम मागायला गेली, तर तिच्याकडे कसं पाहतात हे मी आमच्या इमारतीत पाहिलं आहे. दारिद्र्य कपड्यांनी झाकता येतं, तोंड उघडलं की दिसतं.

इथवर सोपं होतं. अवघड पुढे आहे. सरकारी दवाखान्यातली ती डॉक्टरीण चुकली का? तिच्या दारात तीस माणसं उभी, आणि खुर्ची एक. दात काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. रूट कॅनॉलला दोन-तीन खेपा आणि दर खेपेला बराच वेळ. एक दात वाचवायचा तर तेवढ्या वेळात चार-पाच जणांचं ठणकणं तसंच ठेवावं लागतं. मी तिच्या जागी असते तर मीही चिमटाच उचलला असता. तिचा एकेक निर्णय तपासला तर प्रत्येक निर्णय रास्त ठरतो, आणि हे सगळे रास्त निर्णय एकत्र ठेवले की एका अख्ख्या वस्तीचे जबडे रिकामे होतात. मग अन्याय कुठे झाला म्हणायचा? तीस माणसांना एकच खुर्ची, हे जिथे ठरलं तिथे. पण ते कुठल्या एका टेबलावर ठरलेलं नसतं, त्यामुळे आपला राग सापडेल त्या माणसावर निघतो. कधी त्या डॉक्टरणीवर, कधी गल्लीतल्या खाजगी डॉक्टरवर.

गल्लीतल्या डॉक्टरांशी मी नंतर बोलले. खाजगी महाविद्यालयातून शिकलेले. देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत, त्यातली बहुतेक खाजगी, आणि सगळ्यांत जास्त ज्या राज्यांत आहेत त्यांत कर्नाटक येतं. शिक्षणाचं कर्ज, खुर्चीचं कर्ज, कोरमंगलातलं भाडं. “चौदा हजारांतले माझ्याकडे किती उरतात ते विचारू नका,” असं म्हणून ते हसले. मावशींसाठी दोन हजार कमी करायलाही तयार झाले. शहरात दंतवैद्य एवढे झालेत की त्यांना रुग्ण पुरत नाहीत, आणि रस्त्यापलीकडे दात एवढे किडलेत की त्यांना दंतवैद्य पुरत नाहीत. दात आहेत तर चणे नाहीत, अशी आपली म्हण आहे. इथे दोन्ही समोरासमोर बसून आहेत.

उरलेले पैसे मी देते म्हणाले. मावशी लगेच हो म्हणाल्या नाहीत. “उचल म्हणून द्या,” म्हणाल्या. मी म्हटलं, परत नकोत. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. नंतर लक्षात आलं: उचल घेतली तर त्या पगारातून फेडतील आणि मोकळ्या होतील, दान घेतलं तर तो दात माझा होईल. सुट्टी मागताना, पगारवाढ मागताना, दुसरं घर धरायचं म्हटलं तर, प्रत्येक वेळी तो दात मधे येईल. तो मधे आणायचा माझा विचार नव्हता. पण माझ्या विचारावर त्यांनी का विसंबावं? हक्काने मिळालेली गोष्ट आणि कुणाच्या चांगुलपणाने मिळालेली तीच गोष्ट यांत फरक काय, यावर मी बरंच वाचलं होतं. कळला तो तेव्हा, ओट्यापाशी.

शेवटी त्यांनीच तिसरी वाट काढली. ईजीपुऱ्यातल्या कुणीतरी सांगितलं, की मार्केटजवळ व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या बाजूला सरकारी दंत महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं, तिथे शिकणारी पोरं शिक्षकांच्या देखरेखीखाली थोडक्या पैशांत दात वाचवतात. मी एवढी शिकलेली, आणि मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची वेळच आली नव्हती. बसला पैसे लागत नाहीत, कारण जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. मावशी चार खेपा गेल्या. शिकणाऱ्या मुलीने प्रत्येक टप्पा सरांना दाखवून मगच पुढचा केला. “लई हळू, पर लई जपून,” असं मावशींचं म्हणणं. दर खेपेला सकाळ गेली. त्यांच्या चार घरांपैकी एका घराने त्या खाड्यांचे पैसे कापले. आम्ही कापले नाहीत, पण त्या चारही दिवशी मी पोळ्या बाहेरून मागवल्या आणि त्याबद्दल मनातल्या मनात कुरकुरलेही.

अलीकडे कर्नाटक सरकारच्या ‘दंतभाग्य’ योजनेविषयी मावशींनी ऐकलं. दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्या माणसांना मोफत कवळी. त्यांच्या सासूबाईंसाठी त्या चौकशी करणार आहेत. स्वतःविषयी म्हणाल्या, “मला मिळंल तवा मिळंल. आधी समदे पडाया पायजेत.” आणि हसल्या, पदर न घेता.

दात शाबूत आहे, पण वर कॅप नाही. कॅपशिवाय तो तडकू शकतो, असं त्या मुलीने बजावलं आहे. कॅपचे पैसे वेगळे, खेपा वेगळ्या. तोवर मावशी भाकरी उजवीकडूनच चावतात. परवा विचारलं तर म्हणाल्या, दिवाळी होऊ द्या अक्का, मग बघू.