मुका आश्रित

जो जीव ओरडत नाही, रडत नाही, दाराशी येऊन अन्न मागत नाही, त्याच्या संबंधाने मनुष्यावर काही कर्तव्य असते काय? गाय भुकेली झाली म्हणजे हंबरते, पोपट सारे घर डोक्यावर घेतो; मासा मात्र मरेपर्यंत मुका. अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत रंगीत माशांची काचेची टाकी दिसते, ती मुलांस रिझविते व पाहुण्यांस क्षणभर थांबविते. हा छंद निर्दोष खरा. तथापि त्याच्या पोटी जो नैतिक प्रश्न आहे, त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि काचेआडचे पाणी पाहण्याची आवड जगभर पसरली. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झाले, आणि सुटीत मुंबईस गेलेली वऱ्हाडातील मुले तोच हट्ट घेऊन घरी परतू लागली. पण मासा घरी येतो त्या क्षणी एक मोठा पालट घडतो. पूर्णा नदीतील माशाची भूक, ऊब आणि श्वास यांची चिंता पूर्णेने वाहावयाची असते. काचेतील माशाच्या बाबतीत ती सर्व आपणांकडे येते. ज्याच्या जीविताची प्रत्येक वाट आपण बंद केली, त्याच्या प्रत्येक गरजेचे ऋण आपल्या माथी येते, असे आम्हांस वाटते.

हे ऋण प्रेमाने फिटते, अशी समजूत आहे. वस्तुतः काचेतील बहुतेक मासे क्रूरतेने मरत नाहीत, अज्ञानी प्रेमाने मरतात. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. तो विषारी असतो. टाकीतील वाळूवर व गाळणीत सूक्ष्म जंतूंची वस्ती झाली म्हणजे ते त्याचे प्रथम नायट्राइटात, मग बऱ्याच निरुपद्रवी नायट्रेटात रूपांतर करितात. ही वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आपण टाकी आणतो, त्याच सायंकाळी डझनभर मासे सोडतो, आणि आठ दिवसांत ते उलटे तरंगू लागले म्हणजे कोणाची तरी दृष्ट लागली म्हणतो. पुढे कोणी दर रविवारी सारे पाणी फेकून, वाळू धुऊन, टाकी लख्ख घासते. स्वयंपाकघरातील भांड्यास जी शिस्त शोभते, तीच येथे घातक होते. कारण डोळ्यांस न दिसणारे ते उपकारी जंतू घासण्याबरोबरच वाहून जातात. आठवड्यास सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे, आणि नळाचे नवे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून त्यातील क्लोरीन उडून गेल्यावर घालावे, एवढे पुरे. अन्नाचेही तसेच. दोनतीन मिनिटांत संपेल तेवढेच घालावे. मुलाने मायेने टाकलेली मूठ तळाशी कुजते व पाण्याचे विष करते. माया आणि मोजमाप यांचा विरोध नाही. मोजमाप हेच येथे मायेचे रूप होय.

वऱ्हाडात हे कर्तव्य अधिकच कठीण होते. अकोल्याचा वैशाख पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. पाणी जसे तापते तसा त्यातील प्राणवायू कमी होतो, आणि वीज गेली की हवेचा पंपही थांबतो. थंड पाण्याचा गोल्डफिश येथे गोल काचेच्या भांड्यात ठेवणे म्हणजे त्यास रोज थोडे थोडे गुदमरविणे होय. उलट, काहीशा कठीण पाण्यात सुखाने राहणारा गप्पी या प्रांताच्या विहिरींच्या पाण्यास मानवतो. मात्र खारपाणपट्ट्यातील फार खारट पाणी त्यासही एकदम सोसत नाही. फायटर मासा तोंडाने वरची हवा घेऊ शकतो, म्हणून त्यास पेल्याएवढ्या भांड्यात ठेवितात. पण तग धरणे निराळे आणि सुखाने जगणे निराळे. आश्रिताची सहनशक्ती ही त्याची संमती समजणे, ही धन्याची फार जुनी सोय आहे.

खरी कसोटी लागते ती पैदाशीच्या वेळी. गप्पीची मादी अंडी घालीत नाही. सुमारे चार आठवड्यांनी ती वीस-पंचवीस वा अधिक जिवंत पिले देते, आणि एकदा नराचा संग झाला की पुढे कित्येक महिने पुन्हा पुन्हा विते. ती आपलीच पिले खाते हे पाहून घरातील मंडळी तिला निर्दय म्हणतात. परंतु नदीत पिले झुडपांत पांगतात. येथे पळण्यास जागाच नाही. हा दोष आईच्या स्वभावाचा नव्हे, आपण रचलेल्या घराचा. दाट पाणवनस्पती लावाव्या, किंवा पिलांस निराळी टाकी द्यावी, म्हणजे बरीच वाचतात.

आणि वाचली म्हणजे पुढे काय? पाचसहा महिन्यांत एका जोडीची शेकडो होतात. मग कोणी पुण्य समजून ती वडाळी तलावात किंवा मोर्णेत सोडून येते. ही मुक्तता नव्हे, जबाबदारी दुसऱ्याच्या दारात टाकणे होय. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. येथील लहान माशांचे अन्न व पिले तो खातो. भीमेवरील उजनी जलाशयात काचेच्या टाक्यांतला परदेशी सकर मासा इतका वाढला आहे की कोळ्यांची जाळी फाटतात. दिवाणखान्यातील छंदाचा भुर्दंड गरिबाच्या पोटावर बसावा, हे कोणत्या दयेत बसते? म्हणून पैदास करण्यापूर्वीच पिले कोणास देणार हे ठरवावे. तसे ठरत नसेल तर नर व मादी निरनिराळ्या टाक्यांत ठेवावी.

कोणी म्हणेल, इतका विचार करावयाचा तर मासे पाळूच नयेत. ज्यास टाकीकडे रोज पाच मिनिटे पाहता येत नाहीत, आणि मे महिन्यात गावी जाताना शेजाऱ्यास सांगून ठेवणे जमत नाही, त्याने ते न पाळणेच योग्य. परंतु ज्यास हे जमते, त्याच्या घरातील मुले एक दुर्मीळ गोष्ट शिकतील. जो मागू शकत नाही, त्याची गरज आपण होऊन ओळखावी लागते. घरातील म्हातारी आजी, अंगणातील झाड, हिशेब न कळणारा मजूर, हे सारे याच वर्गातले. काचेपलीकडील दोन इंचांच्या जिवाजवळ ज्याने ही ओळख करून घेतली, त्यास ती अन्यत्र निराळी शिकवावी लागणार नाही.